ओळंबा

औशात, तिसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यावर
दस्तगीर मिस्त्रींनी ओळंबा सोडला
आणि म्हणाले, दोरी बदल,
वाकलीय.

दोरी कशी वाकेल, मिस्त्री?
खाली पाव किलो पितळ लोंबतंय.

त्यांनी माझ्याकडं बघितलं,
म्हणजे माझ्या कानाकडं बघितलं.
मधोमध माझं तोंड नव्हतंच म्हणे,
नुसता राखेचा डाग.

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी
चौकटींचा कागद पुढं धरला, मधे ठिपका.
ठिपक्याकडं बघा. रेघा सरळ आहेत?
"कुणी आखला हा?" मिस्त्री भडकले,
"असल्या हाताला मी संडासाची भिंतसुद्धा
बांधू दिली नसती."

बिडी किती?
मिस्त्री गप्प. मीच बोललो, दोन बंडलं.
कधीपासून?
किल्लारीपासून. पडलेलं उभं करताना
रात्री जागायला लागायचं.

छाती पोखरतेय, हे ठाऊक होतं,
खोकला रोज सांगत होता.
डोळ्यामागचा पडदा
न खोकता विरत गेला.

बंडल आणायला मीच पळायचो.
उरलेल्या सुट्ट्याची
मला लिमलेटची गोळी.

आता ते वाळूच्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून बसतात.
मधेच उठून गिलाव्यावर तळहात फिरवतात,
"इथं सूतभर बाहेर."
मी ओळंबा लावतो.
सूतभरच असतं.

परवा मी जवळून गेलो,
तर नाक वर करून म्हणाले,
"तुझी दोरी सरळ दिसती ना रे अजून?"

मी खिशावर हात ठेवला.