चौथा नमुना

सहामाहीची प्रात्यक्षिक परीक्षा. टेबलं तीन.
दर दोन मिनिटांनी अण्णाप्पा मगदूम घंटी वाजवतो
आणि अकरावी 'ब' एक पाऊल सरकते.
ओळखा. वर्ग लिहा. कारणे दोन.

पहिल्यावर मॉस,
आमच्याच सायकल स्टँडच्या भिंतीचा,
ब्लेडनं अलगद सोलून बशीत ठेवलेला.
पाण्यातून बाहेर आलेल्यांपैकी कुणीतरी,
अजून पाय पुरते पुसले नाहीत त्यानं.

दुसऱ्यावर भिंगाखाली नेच्याचा प्रोथॅलस,
हरिपूरच्या घाटाला पायऱ्यांच्या फटीत मिळाला,
नखाएवढा, हिरवा, बदामाच्या घाटाचा.
ह्याची नरपेशी पोहत जाते.
जमिनीवर येऊन पस्तीस-चाळीस कोटी वर्षं झाली
पण लग्नाला अजून थेंबभर नदी लागते.
हे वाक्य मी दर वर्षी शिकवते
आणि दर वर्षी मागच्या बाकावर कुणीतरी
'लग्न' शब्दाला हसतं.
हसू दे. तेवढं तरी राहतं डोक्यात.

तिसरी सायकस. फाटकाजवळची. मादी.
नर अख्ख्या सांगलीत मला कुठे दिसला नाही.
ती बीजांडं धरते, नारिंगी, लवदार, लिंबाएवढी,
फोडलं तर आत गर्भ नाही.
नर्सरीवाला म्हणतो, मॅडम, बियांची वाट कशाला बघता,
खोडाला पिल्लं फुटतायत की.

माझे नमुने इथं संपतात.
चौथं टेबल उत्तरपत्रिका ठेवायचं.
अण्णाप्पानं त्या गठ्ठ्याशेजारी, मला न विचारता,
बीकरमध्ये एक फूल उभं केलं होतं:
फिकट हिरव्या वाट्या एकात एक,
शेंड्याला गुलाबी, प्रत्येक वाटीत पिवळं काहीतरी लपलेलं,
आणि खाली खडूनं मोठा ४.

अभ्यासक्रमात नाही ते.
मी बोलले नाही. घंटी त्याच्या हातात होती.

'जमिनीवरचे कमळ.'
'केळफूल, लहानपणीचे.'
'शोभेचे, बंगल्यासमोर असते ते.'
ज्या गावात सकाळी देवाच्या आधी हळदीचा भाव विचारतात
तिथं हळदीचं फूल ओळखणारं पोर एकच निघालं.
उज्मा जमादार. वडील मार्केट यार्डात तोलाईला.
'हळद. कारण एक, देठ मोडल्यावर वास.
कारण दोन, फुलते पण बी धरत नाही.
का ते माहीत नाही.'

का ते तिला थांबवून सांगितलं,
अण्णाप्पा मागं स्लाइड धूत होता.
गुणसूत्रांचे संच तीन.
दोन घरांत सारखे वाटायला गेलं की वाटणी मोडते,
बी होत नाही.
मग गड्डा मोडायचा, पुरायचा, पुन्हा तोच मोडायचा.
पेवातली, पोत्यातली, नवरीच्या दंडावरची,
सगळी राजापुरी म्हणजे एकच राजापुरी, लांबत आलेली.

"म्हणजे मेलीच नाही कधी?" उज्मा.
"तरीच," नळाखालून अण्णाप्पा,
"करपा आला की बांधापलीकडचंही वाचत नाही.
सगळ्यांचं दुखणं एक, सगळ्यांचं अंगही एक."
चाळणी, कवठेपिरानला दीड एकर त्याचं.
मी फळ्यावर 'विविधतेचे महत्त्व' लिहून
अर्धा तास जे सांगते, ते एवढंच.

अण्णाप्पा जमिनीखालचं खात नाही.
हळद वाळली की चालते.
त्याच्याकडे एका कंदात अनंत जीव,
माझ्या पुस्तकात अनंत कंदांत एक.
यावर आम्ही वाद घातला नाही,
पाच वाजून गेले होते, किल्ल्या द्यायच्या होत्या.

"मग फुलते कशाला, मॅडम?"
उज्मा दारातून, चप्पल घालता घालता.

मी उत्तर जुळवत होते, जुनी सवय, वगैरे,
तेवढ्यात खिडकीतून एक मधमाशी आली,
मॉस ओलांडून, नेचा ओलांडून,
चौथ्या टेबलावर नीट, न चुकता,
आणि एकेका वाटीत डोकं घालून बघू लागली.

गुणपत्रकात चौथ्याला रकाना नाही.
मी समासात दोन लिहिले.