अंदाजपत्रक

बेचाळीस हजार सहाशे.
आकडा वाचून तुम्ही चष्मा काढलात, मादाम देरोझिए,
पुसलात, पुन्हा घातलात.
सगळेच पुसतात. तेवढा वेळ मी खिडकीबाहेर बघतो.

बाहेर तुमच्या मोटेलचं पार्किंग. एप्रिल संपत आला,
कुंपणाशी बर्फाचा शेवटचा काळा ढीग,
आणि खड्डे.
आमच्या क्युबेकमध्ये खड्ड्याला म्हणतात कोंबडीचं घरटं.
सकाळी चाकाची मोजपट्टी ढकलत मी सदतीस घरटी मोजली.
अंडं एकातही सापडलं नाही.

भोकं बुजवायला एवढे पैसे? विचारा, विचारायलाच हवं.
डांबर त्यात सर्वांत स्वस्त,
कोंबडी चार आण्यांची, मसाला बारा आण्यांचा.
भट्टी पंच्याहत्तर किलोमीटरवर.
माल निघतो तेव्हा दीडशे अंश,
वाटेत फार निवला तर त्याचा दगड होतो
आणि दगडाचे पैसेही तुम्हालाच पडतात.
तेव्हा तुम्ही विकत घेता ती आमची घाई:
ट्रकवरची ताडपत्री, कुठेही न थांबणारा चालक,
जेवणाचा डबा अर्धा टाकून रोलरवर चढणारा ओव्हिला,
त्याची पाठ. पाठीचं कलम मी लावलेलं नाही,
ते मजुरीत धरलंय.

आता हे बघा. काल पाडलेल्या भोकातून काढलेला नमुना,
मनगटाएवढा जाड, वीतभर उंच.
केकसारखा दिसतो, थर मोजता येतात.
वरचे सगळे ठिगळाचे. पोत्यातला थंड माल,
ओतायचा, फावड्याने थोपटायचा,
वरून गाडी दोनदा पुढेमागे.
"फ्लोरां," तुम्ही म्हणालात. "दर वर्षी, ईस्टरनंतरच्या शनिवारी.
मी सांगायचे, चुकतंय तुझं."

चुकतच होतं. रागावू नका.
चमचाभर पाणी भेगेत शिरतं,
जानेवारीत गोठतं, फुगतं, कोपर मारतं.
वरून कितीही थोपटा,
धक्का खालून येतो.

तुम्ही बिस्किटांचा डबा काढलात, पावत्या मांडल्यात.
अकरा वर्षांची पोती. एका पाहुण्याचा टायर.
हॅलिफॅक्सच्या बाईंचा मुरगळलेला घोटा.
बेरीज एकोणीस हजार तीनशे चाळीस.
माझ्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी.
इथे दुसरा कुणी कंत्राटदार घसा खाकरून
काहीतरी गुणून दाखवेल.
मी नाही दाखवत. कमी ते कमीच.

फक्त नमुन्याचं बूड बघा, बोट लावा.
ओली चिकणमाती. एवढं पाणी तिथे अकरा वर्षं बसून आहे,
भाडं न देता.
ती माती उकरून काढायची, वाहून न्यायची,
हातभर खडी, भोकांचा पाइप, नाल्याकडे उतार.
बेचाळीसातले सत्तावीस हजार जमिनीखाली जातात, मादाम,
ते तुम्हाला कधी दिसणार नाहीत.
दिसेल ते काळंभोर, पहिला एक उन्हाळा.
मग करडं. मग पंधरा वर्षांनी
माझ्यासारखाच कुणीतरी चाक ढकलत येईल.

तुम्ही नमुना उचललात, खिडकीशी नेलात.
तिसऱ्या थरात काहीतरी चमकलं,
बिअरच्या बाटलीचं झाकण.
तुम्ही हसलात की काय, मला पाठमोरं कळलं नाही.

"हे ठेवून घेऊ?"
नमुन्याचे एकशे ऐंशी बिलात आहेतच,
म्हणजे तुमचाच.

तो तुम्ही काउंटरवर ठेवलात, थेट माझ्या कागदावर,
पंख्याने उडू नये म्हणून.
सही केली नाहीत. मीही पेन पुढे केलं नाही.

निघताना दारापासचं घरटं चुकवलं
आणि त्याच्या शेजारच्यात पुढचं चाक गेलं.