सोसायटीचा कॉम्प्युटर, हर्णै

सकाळी नऊला निळा पडदा:
सिस्टिम फाइल खराब आहे.
त्यापुढे काही नाही, नुसती पंख्याची घरघर.

बाहेर डिझेलच्या कोट्यासाठी अकरा बोटींची माणसं,
कॅन उलटे करून त्यावर बसलेली.
"कालपर्यंत चालू होता," पावसे क्लार्क म्हणाले.
सगळेच असं म्हणतात.

कॅबिनेट उघडलं. आत मिठाची पांढुरकी साय,
रॅमच्या पट्टीवर हिरवट डाग,
आणि सुकलेला जवळा, एकच. आला कुठून कोण जाणे.
खोडरबराने पट्टी घासली. पुन्हा निळा.
मग त्यालाच सांगितलं, तुझं तू दुरुस्त कर.
बारा टक्क्यांवर येऊन गप्प.

दारात काशा तांडेल जाळं विणत होता.
मान वर न करता म्हणाला,
"पान्यात आसताना जाला कोन शिवता काय?
आदी भायेर काढ."

मी हसले नाही.
पर्समधला पेनड्राइव्ह लावला,
यंत्र त्याच्यावरून उठवलं
आणि डिस्क वाळूवर पसरावी तशी समोर घेतली.
भोक सापडलं की गाठ.
पुन्हा भोक.

पावणेदोनला यादी आली.
तारीख मात्र एक जानेवारी दोन हजार नऊ.
"सेल गेलाय," मी म्हटलं.
"राहू दे," पावसे म्हणाले,
"डिझेल त्या भावाने देतोय का बघ."