नऊचे आठ

पूर्वी आमच्या डोंगराला तीन उंच्या होत्या.
फेरोईत सहाशे एकोणचाळीस मीटर,
डॅनिशमध्ये सहाशे एक्केचाळीस,
आणि जर्मन ज्ञानकोशात, देव जाणे कुणी मोजला,
सहाशे पंचावन्न.
हानुस म्हणायचा, मी जर्मनमधून चढतो,
तिथून समुद्र जास्त दिसतो.

मग सगळ्या भाषांसाठी एकच खण आला.
त्यात एकदाच लिहायचं:
उंची, अक्षांश, रेखांश, लोकसंख्या.
जिला हवं त्या भाषेनं तिथून उचलून न्यावं,
आपल्या लिपीत, आपल्या अंकांत.
आमच्या गावाचा खण माझ्याकडे.
नेमलं कुणी नाही. बोटीची वाट बघत
पोस्टाच्या खोलीत मी एकटीच बसते, म्हणून.

डोंगर सगळीकडे सारखा झाला त्या दिवशी
हानुस आला, टोपीवरचं पाणी झटकत.
"चौदा मीटर," म्हणाला, "कुठे ठेवलेस?"

फेब्रुवारीत तो गेला.
मेंढ्यांना चारा घालून आला, दारात बूट काढले,
आणि तेवढंच.

मी खण उघडला.
नऊ खोडले, आठ लिहिले, एक कळ दाबली,
आणि सदतीस भाषांत,
ज्यांतल्या चौतीस मला वाचताही येत नाहीत,
आमच्या गावातला एक माणूस कमी झाला.

वीस मिनिटं.
मग लुब्लियानातल्या कुणा ग्रेगानं
पुन्हा नऊ केले.
कारणाच्या रकान्यात दोनच शब्द:
स्रोत नाही.

बरोबर होतं त्याचं. मीही तेच केलं असतं.
स्रोत म्हणून काय जोडणार?
दारातले बूट?
की त्या मेंढ्या, ज्या माझ्या हाकेला
मान वर करतात, बघतात,
आणि पुन्हा खाली घालतात?
नोंदवही वर्षातून एकदाच छापतात, एप्रिलात.

भांडले नाही मी.
रोज सकाळी चहाचं आधण ठेवून
एकेक भाषा उघडायची.
हानुस जपानीत होता. स्वाहिलीत होता.
वेल्शमध्ये तर कुणी शेजारी
आमच्या मेंढ्यांचा फोटोही लावलेला.
नाव कुठेच नाही,
पण मोजत गेलं की
नववा तोच.

एप्रिलच्या एका रात्री, मी झोपेत असताना,
कुठल्याशा यंत्रानं
स्रोतासकट आठ लिहून टाकले.
सकाळी नेमकं फारसी पान उघडलं गेलं.
त्यांचा आठ म्हणजे
दोन तिरक्या रेघा, माथ्याला टेकलेल्या.
नुसतं छप्पर.
भिंती नाहीत.

बराच वेळ मी ते बघत राहिले. आधण आटलं.

मग जर्मन पान.
तळाशी, एका जुन्या चित्राखाली,
जिथे खणातलं काही पोचत नाही,
अजून लिहिलेलं आहे: सहाशे पंचावन्न मीटर.

चूक आहे, मला ठाऊक आहे.
दुरुस्त केलेली नाही.