एक्केचाळिसावा बरगा

दिवाळीआधी बरगे घालायचे,
रोहिणी निघायच्या आत काढायचे.
आमच्या घरात एवढंच पंचांग.

शेडमध्ये बरगे रचलेले, प्रत्येकावर
तांबड्या रंगात नंबर, दादांच्या हातचा.
साताचा आकडा वाकडा. तेव्हा त्यांना ताप होता.

धरण वर, झाडीत. तिथं लोक फोटो काढतात.
खाली चिकोत्रेच्या पात्रात आमचा बंधारा,
चौदा गाळे, गाळ्याला बरग्यांच्या दोन ओळी,
मधे काळी माती, पायांनी तुडवून
कणकेसारखी मळलेली.
धरणातलं पाणी टीएमसीत मोजतात.
दादा बोटांत सांगायचे:
कालच्यापेक्षा चार बोटं खाली.

त्या साली मोजताना
चाळीसनंतर एकदम बेचाळीस आला.
दादांनी पुन्हा मोजलं. मग मला मोजायला लावलं,
मी सातवीत, गणितात बरी.
पुरात गेला असणार, म्हणाले,
आणि सायकल काढली.

नदीच्या कडेकडेनं उतरत गेलो.
वरच्या गावांत ऊस डोक्याच्या वर,
मोटारींच्या आवाजात कुणाला हाक ऐकू जाईना.
मग ऊस कमरेला आला. मग गुडघ्याला.
मग ऊसच नाही, किडका शाळू,
विलायती बाभळ,
आणि नदीच्या जागी वाळूचा भांग.

शेवटच्या गावात, सत्यव्वाच्या न्हाणीपाशी,
दोन दगडांवर आडवा,
त्याच्यावर तिचं धुणं.
चार दिसत होता. एक घासून गेलेला.

सरकारी हाय, आक्का, दादा म्हणाले.
न्या की, ती म्हणाली.
पाणी येतंय, पाणी येतंय म्हणून
लगीन होऊन आल्यापास्नं ऐकतेय.
आलं ते एवढंच.
आणि पिळलेलं लुगडं उचलून
तिनं बरगा मोकळा करून दिला.

दादांनी प्यायला पाणी मागितलं.
वरून धार धरून, थेंब न सांडता,
अर्धा तांब्या प्याले, अर्धा परत दिला.
तिनं तो घागरीत ओतला.

येताना कॅरेजवर मीच होते.

एक्केचाळीस म्हणजे चौथ्या गाळ्याचा तळ.
तिथं त्यांनी सिमेंटची जुनी पोती
माती भरून कोंबली,
तुडवली मात्र नाहीत.
दादा, इथनं झिरपतंय, मी म्हटलं.
झिरपू दे. मागनं बघू.

मागनं कधी बघितलं नाही.
दर सोमवारी रजिस्टरात, माझ्या अक्षरात,
गळती: किरकोळ.

आता रजिस्टर माझ्याकडेच असतं.
उपसाबंदीत मोटारी गप्प झाल्या
की चौथ्या गाळ्यापाशी ऐकू येतं,
करंगळीएवढं.
कुठवर पोचत असेल, ठाऊक नाही.
वाळू बरंच पिते.

परवा कोल्हापूरच्या ऑफिसातून फोन आला,
नवा लोखंडी बरगा मंजूर झालाय,
माप कळवा.
टेप लावून तीनदा मोजलं.
अर्धं बोट कमी लिहून पाठवलंय.