चमचा घालायचा नाही

सकाळी नऊला बस किनाऱ्याच्या रस्त्याला लागते
आणि मी माईक हातात घेते.
डावीकडे आद्रियातिक, म्हणते मी,
की बेचाळीस माना डावीकडे.
या मोसमातली ही एकतिसावी बस.
समुद्राला सवय झालीये. मला अजून नाही.

ओर्तोनाचा किल्ला, वीस मिनिटं.
मग गोट्यांचा किनारा.
तिथं प्रत्येकजण एक गोटा निवडतो,
ओला असताना फार सुंदर दिसतो म्हणून,
आणि वाळला की सीटखाली विसरतो.
आमच्या ड्रायव्हरनं, एलिसेओनं, ते सगळे साठवून
घरामागे टोमॅटोच्या वाफ्याला बांध घातलाय.

मग त्राबोक्को.
लांबून दिसतो तो कोळीच:
पाण्यात लाकडी तंगड्या रोवून,
पुढ्यात जाळं धरून, वाट बघत बसलेला.
जवळ गेलं की फळ्या करकरतात, तारा गंजलेल्या,
मध्ये एक चरक, आणि चरकाला निकांद्रो,
वय अठ्ठ्याहत्तर.
तो छाती लावून ढकलतो. जाळं वर येऊ लागतं.
बेचाळीस फोन वर.
जाळं रिकामं.
निकांद्रो गावच्या बोलीत
समुद्राच्या आईचा उद्धार करतो.
मी भाषांतर करते: आज समुद्राची विश्रांती आहे.
सगळे हसतात. एकजण वहीत लिहून घेतो.

जेवणातले मासे पहाटे वास्तोच्या लिलावातून येतात.
हे मी सांगत नाही.
कुणी विचारतही नाही.

लोरेता, त्याची सून, मातीच्या भांड्यात थर लावते:
तळाला माकूल, त्यावर काटेरी विंचूमासा,
मग लेप, सगळ्यात शेवटी तिसऱ्या.
टोमॅटो, गोडसर हिरवी मिरची. कांदा नाही,
कांद्याचं नाव काढलंत तर जेवायला वाढणार नाही.
आणि चमचा घालायचा नाही!
भांडं दोन्ही कानांनी धरायचं,
चाळण हलवावी तसं हलवायचं.
चमचा लागला की मासा मोडतो,
मग कुणाचा काटा कुणाचा, कळत नाही.

पहिल्या घासाला टेबल गप्प झालं.
दुसऱ्यालाही.
मग फ्रीसलंडच्या विप्के बाईंनी,
रुमालानं हनुवटी पुसत, मला विचारलं:
यांना पोहता येतं का?

मी विचारलं.
निकांद्रो पावानं ताट पुसत होता.
नाही, म्हणाला. बापाला येत नव्हतं. आज्याला येत नव्हतं.
आम्ही शेतकरी माणसं, पाण्याला भ्यायचो,
म्हणून तर हे बांधलं,
समुद्रात न शिरता समुद्राचं खायला.
एकटा आन्सेल्मो शिकला. माझा भाऊ.
सदुसष्टचा सप्टेंबर.
पाव पुन्हा रश्श्यात बुडवला त्यानं.
चांगला पोहायचा.

एकतीस बसमध्ये हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं.
बेचाळीस चेहरे माझ्याकडे.
जिभेवर दोन वाक्यं आयती होती, दोन्ही गोड,
एक तर लिहून घेण्याजोगं.
लोरेता दारात उभी होती,
हात ॲप्रनला पुसायचे राहून गेलेले.

सांगितलं मग. जसंच्या तसं.
बाप, आजा, भीती,
सप्टेंबर,
चांगला पोहायचा.

विप्के बाई काही म्हणाल्या नाहीत.
आपल्या ताटातला पाव मोडला,
अर्धा त्याच्या ताटात ठेवला.
त्यानं चावला, आणि तो शिळा असल्याबद्दल
बोलीत जे काही म्हणाला
त्याचं भाषांतर मी केलं नाही.
तरी त्या हसल्या.

साडेतीनला बस. मोजले: बेचाळीस.
एलिसेओनं दार लावायच्या आधी
मागून चरकाची करकर ऐकू आली.
आता बघायला कुणी नव्हतं.
जाळ्यात काय आलं, मला दिसलं नाही.
वळण आडवं आलं.
उजवीकडे, मी म्हणाले, आद्रियातिक.