डावा स्पीकर

मार्लिसने तो रजईत गुंडाळून आणला,
पोटाशी धरून, बर्फावरून एकेक पाऊल तोलत.
डुलुथमध्ये जानेवारीत
असं फक्त तान्ह्या बाळाला नेतात.
"चालतो," ती म्हणाली, "पण अर्धाच."

मी चासी उलटी केली
आणि तोंडातून शिवी गेली.

डाख कसले, नुसते वाटाणे,
करडे, निस्तेज, तारेला टेकलेले
पण तिच्यात न मुरलेले,
पानावर बसून न जेवणाऱ्या पाहुण्यासारखे.
ट्रान्सफॉर्मरची काळी तार इतकी आखूड कापलेली
की तिला दुसऱ्या तारेचं ठिगळ,
वर जखमेला लावायची चिकटपट्टी,
मधासारखी पिवळी पडलेली.

"हे ज्याने जोडलं," मी म्हणाले,
"त्याच्या हातात तापलेली सळई दिली कुणी?"
ती काही बोलली नाही.
हातमोजे काढून एकावर एक ठेवले.

तीन आठवडे लागले.
आधी मोठे कपॅसिटर रिकामे केले;
बटण बंद केलं तरी
चारशे व्होल्ट आत दबा धरून असतात.
मग एकेक डाख वितळवला,
तांब्याच्या वेणीने टिपून घेतला.
राळेचा धूर. रेडिओ केंद्राच्या तळघरात
चाळीस वर्षं हाच वास घेतला,
अजून तो आला की भूक लागते.

उजवी बाजू वेडीवाकडी, पण बरोबर.
डावीकडे मात्र
जिथे तपकिरी-हिरवा-हिरवा हवा
तिथे तपकिरी-लाल-लाल,
आणि लालच्या जागी हिरवा.
पंधरा लाख ओहम आणि बाराशे ओहम
एकमेकांच्या खुर्चीत बसलेले,
मधला व्हॉल्व्ह श्वास कोंडून.
पुस्तिकेत पान अकरा.
दोन्ही पायऱ्यांपुढे पेन्सिलीने बरोबरची खूण,
शेपटी लांब, पोरकट.

फोनवर सांगितलं.
पलीकडे केटल शिटी मारत राहिली,
कुणी उचलली नाही.

"ती खूण माझी. नऊ वर्षांची होते.
त्या शरदात लाकूडगिरणीत
वडिलांची तीन बोटं गेली,
भरपाईच्या पैशातून हा संच टपालाने आला.
ते पुस्तिका वाचायचे,
भाग निवडून माझ्या तळहातावर ठेवायचे,
दिवा धरायचे.
मी बोटं भाजून घेत डाख द्यायचे.
ते म्हणाले, हिरवा.
तळहातावर लाल होता.
मला दिसत होतं.
त्यांना ते दोन रंग एकच दिसतात
हे घरात कुणाला माहीत नव्हतं,
त्यांनाही नसावं.
तेव्हा जो तो त्यांना सांगत होता
आता काय काय जमणार नाही ते.
अन्सगर, हे नको. अन्सगर, ते राहू दे.
त्यात मी आणखी एक कशाला घालू?
मी खूण केली."

मग केटल थांबली.

"डावा स्पीकर जन्मभर कुजबुजला.
ते म्हणायचे, लाजाळू आहे बिचारा,
आणि खुर्ची त्याच्या बाजूला ओढून बसायचे."

शनिवारी ती आली.
मी विजेच्या वाटेत आधी साधा बल्ब लावला,
दाब हळूहळू चढवला, ताप उतरायची वाट बघतात तसा.
बल्ब उजळला, मंदावला.
व्हॉल्व्हच्या पोटात नारिंगी रेघ उमटली, चारी.
ती चिकटपट्टी तेवढी मी पुन्हा गुंडाळली होती,
खाली नवी तार, वर जुनी पट्टी.
नियमात बसत नाही. बिलातही नाही.

तिने घरून तबकडी आणली होती,
लग्नात वाजते तसली नाचाची, कडा झिजलेल्या.
सवयीने खुर्ची डावीकडे ओढली
आणि बसता बसता थबकली.

"दोन आहेत," ती म्हणाली.

दोन अकॉर्डियन होते.
उजवा विचारत होता, डावा उत्तर देत होता.
साठ वर्षं तिला वाटलं होतं
माणूस मध्येच थांबतो, दम घेतो,
पुन्हा तोच प्रश्न विचारतो.

त्या शिवीची माफी मागायची राहिली होती.
मी तोंड उघडलं.
तिने न बघता हात वर केला:
थांब,
त्याचं बोलणं संपू दे.